भिवाची इंग्रजी आणि आमचे कॉन्व्हेंट

जून महिना लागला की अमरावती आणि अकोल्यातल्या आमच्या वस्त्यांमधून टाय बांधलेल्या लेकरांचे ऑटो धावू लागतात. शहराच्या टोकाला, दोन-तीन खोल्यांच्या घरावर इंग्रजी नावाची पाटी चढवली की आमच्या वऱ्हाडात त्याला कॉन्व्हेंट म्हणतात. बाप धान्यबाजारात हमाली करतो, माय चार घरची धुणीभांडी करते आणि पोराच्या फीसाठी बचत गटाचे कर्ज उचलले जाते. कोर्टात आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांना आम्ही कधी सहज विचारतो, की बाबा रे, एवढी ओढाताण कशासाठी? उत्तर ठरलेले असते. बाबासाहेब इंग्रजी शिकले म्हणून देशाची घटना लिहू शकले, आपल्याही लेकराला इंग्रजी आलीच पाहिजे. या बोलण्यात चूक काहीही नाही. चूक आहे ती पुढे. बाबासाहेब इंग्रजी शिकले हे प्रत्येकाला माहीत आहे, पण ते ती कशी शिकले, कोणत्या वयात शिकले, कोणाजवळ बसून शिकले, हे कोणी विचारत नाही. जयंतीच्या भाषणांत पदव्यांची यादी वाचली जाते आणि टाळ्या पडतात. यादीच्या आधीची वर्षे तशीच राहून जातात. आज आम्ही त्याच वर्षांबद्दल लिहिणार आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भिवाचा जन्म झाला. घराणे कोकणातल्या आंबडव्याचे. छावणी हिंदी मुलखातली, पण घरात मराठी. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्कराच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. लष्करात त्या काळी सैनिकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्याची सोय असे. गावगाड्याने ज्या महार समाजाला अक्षराजवळ फिरकू दिले नाही, त्याच समाजातला माणूस छावणीत मास्तर झाला, तो असा. रामजी कबीरपंथी होते. संध्याकाळी घरात दोहे आणि अभंग म्हटले जात आणि लेकरांनी त्यात बसायचेच, असा त्यांचा दंडक होता. आई भीमाबाई १८९६ साली वारल्या. आत्या मीराबाईने पोरांना सांभाळले. म्हणजे भिवाच्या कानावर पहिली काही वर्षे जे पडत होते ते आत्याचे घरगुती बोलणे, तुकोबांचे अभंग, कबीराची हिंदी आणि बापाची मास्तरी मराठी. पुस्तक उघडण्याआधीच या मुलाच्या कानात भाषेचा एवढा साठा झाला होता.

साताऱ्याला आल्यावर प्राथमिक शिक्षण मराठीतूनच झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. रजिस्टरमधला क्रमांक १९१४. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायचे ठरवले, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण त्या तारखेतला एक साधा हिशेब आमच्या लोकांनी मांडलेला नाही. त्या दिवशी भिवाचे वय नऊ वर्षे पुरे होते. म्हणजे घटनेच्या शिल्पकाराने मराठी वाचायला, लिहायला, समजायला शिकून झाल्यावर नवव्या वर्षी इंग्रजी पहिलीत पाय टाकला. आमचे लेकरू आज साडेतीन वर्षांचे असताना, धड मराठी वाक्यही पुरे जुळत नसताना, नर्सरीत एबीसीडी घोकू लागते.

शाळेतली इंग्रजी होती तेवढ्यावर रामजी थांबले नाहीत. घरी त्यांनी स्वतः शिकवणी चालवली. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, तिचे तीन भाग, त्यांनी भिवाकडून पक्के करून घेतले. जुन्या पिढीतल्या ज्या वाचकांनी तर्खडकर हाताळला आहे, त्यांना हे काम काय असते ते ठाऊक असेल. मराठी वाक्य घ्यायचे आणि त्याचे इंग्रजी करायचे, इंग्रजी वाक्य घ्यायचे आणि त्याचे मराठी करायचे. एका शब्दाला चार प्रतिशब्द सुचतात, त्यातला नेमका कोणता, हे ठरवायचे. क्रियापद मराठीत शेवटी येते, इंग्रजीत मध्येच येऊन बसते, ते उचलून जागेवर ठेवायचे. या रोजच्या कसरतीत दोन्ही भाषा एकमेकींच्या वजनाने तोलल्या जातात. हा मुलगा पुढे कायद्याच्या मसुद्यात एकेका शब्दासाठी अडून बसला, त्याची तालीम आम्हाला या बापलेकांच्या शिकवणीत दिसते. आम्ही स्वतः मसुदे लिहून पोट भरतो, म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो.

आता आमच्या वस्तीतल्या कॉन्व्हेंटकडे या. कित्येक ठिकाणी वर्गात मराठी बोलले तर दंड घेतात. बाई स्वतः मराठी माध्यमातून शिकलेल्या, पगार तुटपुंजा, इंग्रजी पुस्तकाबाहेर जात नाही. लेकरू इंग्रजीत बोलू शकत नाही आणि मराठीत बोलायची त्याला बंदी, म्हणजे सहा तास ते मुके. ज्याने आमच्यासाठी मूकनायक काढला, त्याच्या नावावर आम्ही फी भरून लेकरांना मुके करून घेतो.

यात शास्त्राचाही एक भाग आहे. कॅनडात जिम कमिन्स नावाचे अभ्यासक आहेत. परदेशातून आलेल्या, घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास त्यांनी १९७० च्या दशकापासून केला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे. मैदानावर खेळताना, दुकानात, मित्रांशी बोलायची इंग्रजी मूल दोनेक वर्षांत उचलते. पण धडा समजून घेण्याची, कारण सांगण्याची, गणित-विज्ञानाची इंग्रजी यायला पाच ते सात वर्षे लागतात. आणि ज्या मुलाची पहिली भाषा वाचण्या-लिहिण्यात पक्की झालेली असते, त्याचे बळ दुसऱ्या भाषेतही उतरते. अनुमान म्हणजे काय, कारण म्हणजे काय, हे डोक्याने एकदा मराठीत शिकून घेतले की इंग्रजीत फक्त त्याचे नाव शिकायचे राहते. आणि ही दोन वर्षे आणि सात वर्षे कुठली, तर चौफेर इंग्रजी ऐकू येणाऱ्या देशातली. आमच्या लेकराला शाळा सुटली की इंग्रजी ऐकवणारे कोण आहे? सुभेदार रामजींनी कमिन्स वाचण्याचा प्रश्न नव्हता. ते मास्तर होते, त्यांना लेकरू कुठे अडते ते कळत होते.

मुंबईचे दिवस हलाखीचे. परळच्या चाळीत एक खोली, त्यातच चूल, त्यातच बिऱ्हाड, त्यातच अभ्यास. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागत बसायचे आणि रात्री दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे, असा रामजींचा क्रम होता. भिवाने पुस्तक मागितले आणि खिशात पैसा नसला की हा म्हातारा लग्न झालेल्या मुलींच्या दारी जाई, त्यांचा दागिना मागून गहाण टाकी आणि पुस्तक आणी. आमच्या आयाबाया आज बचत गटाचे कर्ज उचलतात, ती हीच परंपरा आहे. फरक एवढाच की रामजी दागिना मोडून पुस्तक आणत आणि पुस्तकाजवळ स्वतःही बसत.

एल्फिन्स्टन हायस्कुलात दुसरी भाषा निवडायची वेळ आली. भिवाला संस्कृत हवी होती. अस्पृश्याच्या पोराला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार झाला नाही. मोठ्या भावाच्या वाट्यालाही हेच आले. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. भाषा शिकणे हा बुद्धीचा प्रश्न आहे असे शिक्षणतज्ज्ञ म्हणतात, पण या देशात तो आधी दाराचा प्रश्न होता, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृतचा अभ्यास केला आणि शूद्रांचे मूळ शोधणारा ग्रंथ १९४६ साली काढून त्या भाषेतल्या शास्त्रांनाच पिंजऱ्यात उभे केले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. शेकडा चाळीसही नाहीत. आमच्या समाजातल्या ज्या पालकांनी दहावीच्या निकालावरून पोराला घराबाहेर काढण्याची भाषा केली, त्यांनी हा आकडा घरात लिहून ठेवावा. अस्पृश्य मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सत्काराची सभा भरली, त्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले गौतम बुद्धाचे चरित्र भिवाला भेट दिले. हे चरित्र मराठीत होते. म्हणजे ज्या विचाराने पन्नास वर्षांनी नागपूरची भूमी दीक्षाभूमी झाली, तो विचार या मुलाच्या हातात पहिल्यांदा आला तो मराठीतून आला.

पुढचा भाग सर्वांना पाठ आहे, म्हणून आम्ही झरझर जातो. सयाजीरावांची शिष्यवृत्ती, एल्फिन्स्टन कॉलेज, पुस्तके आणि कपडेही पुरवणारे प्राध्यापक म्युलर, इंग्रजी आणि फारसी घेऊन बी.ए. पण एका तारखेशी आम्हाला थांबावेच लागेल. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. ज्याने हॉवर्ड आणि तर्खडकर घोकून घेतला, त्या मास्तराने आपल्या विद्यार्थ्याची कोलंबिया पाहिली नाही. मे १९१६ मध्ये त्या विद्यापीठातल्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला गेला, तेव्हा वक्ता पंचवीस वर्षांचा होता आणि इंग्रजी पहिलीत बसून त्याला अवघी सोळा वर्षे होत होती. कोलंबियात त्यांनी फ्रेंच आणि जर्मनचे प्राथमिक वर्गही केले. भाषा शिकण्याची भूक एकदा लागली की ती थांबत नाही, असेच दिसते.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा महार प्राध्यापक काय शिकवणार, असा विद्यार्थ्यांचा सूर होता. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजांची मुले परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. इथे कोणी म्हणेल की झाले, इंग्रजीने विजय मिळवला, आता मराठीचे काय काम? पण हा प्राध्यापक ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढतो ते मराठीत, आणि त्याच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग छापतो. १९२७ साली बहिष्कृत भारत काढतो तेव्हा ज्ञानेश्वरांच्या ओव्या घेतो. परळच्या खोलीत आणि त्याही आधी छावणीच्या घरात कानावर पडलेली भाषा वीस-पंचवीस वर्षांनी अग्रलेखात उतरली. साउथबरो समितीपुढे आणि पुढे गोलमेज परिषदेत इंग्रजी, आपल्या माणसांपुढे मराठी. कोणासमोर कोणती भाषा काढायची हे त्यांना पक्के माहीत होते आणि दोन्ही त्यांच्या ताब्यात होत्या. दुसरी शिकताना पहिली टाकून द्यावी लागली असती, तर मूकनायक निघाला नसता.

आमच्या वऱ्हाडाशी या भाषेची गाठ पडली ती १३ नोव्हेंबर १९२७ रोजी. अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब. विषय अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा. पापळचे पंजाबराव देशमुख, तेही नुकतेच विलायतेहून शिकून आलेले, या प्रश्नात आमच्या बाजूने उभे होते. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम गेल्याची तार आली. दुःख गिळून बाबासाहेबांनी काम पुढे चालवले. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना अक्षर येत नव्हते आणि त्यांची मराठी ही मले-तुलेची मराठी होती. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्यांचा माणूस त्यांच्याशी बोलला आणि ते त्यांना समजले. आमच्या आजोबांच्या पिढीने त्या परिषदेच्या गोष्टी आम्हाला सांगितल्या, त्यात एकानेही बाबासाहेबांच्या इंग्रजीचा उल्लेख केला नव्हता.

मले-तुलेचा विषय निघालाच आहे तर बोलून घेऊ. वऱ्हाडी लेकराला इंग्रजीच्या आधी आणखी एक पायरी चढावी लागते, हे पुण्या-मुंबईच्या शिक्षणतज्ज्ञांच्या गावीही नसते. ते घरून मले, तुले, काऊन, पोट्टं घेऊन येते आणि शाळा पहिल्याच दिवशी ते चूक ठरवते. आम्ही अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत शिकलो. तिथे एका मास्तरांनी आमच्या मले शब्दावर वर्ग हसवला, त्यानंतर आम्ही दोन वर्षे वर्गात हात वर केला नाही. त्या काळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. पुढे कायद्याचे शिक्षण घेताना इंग्रजी निकालपत्रे समोर आली, तेव्हा एकेक ओळ शब्दकोश घेऊन फोडली. वकील झाल्यावर पहिला अर्ज इंग्रजीत लिहिला, तो एका ज्येष्ठ वकिलाने चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवला. काय भोगले ते आम्हीच जाणो. तरीही आज मागे पाहताना वाटते, की मराठीतून कायदा आणि इतिहास वाचलेला होता म्हणून त्या इंग्रजी ओळी फुटल्या तरी. कोरी पाटी असती तर फोडायला हातात हत्यारच नसते.

मेळघाटातल्या कोरकू लेकरांची तर त्याहून बिकट गत. धारणी आणि चिखलदऱ्याच्या पाड्यांत घरची भाषा कोरकू. ती मराठीची बोली नव्हे, तिचे कूळच वेगळे, संथाळी-मुंडारीशी नाते सांगणारे. त्या लेकराला पहिलीत मराठी हीच परकी भाषा आणि त्यातच इंग्रजी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. कोरकू बोलणारा मास्तर प्रत्येक पाड्यावर कधी दिसेल, हा प्रश्न आम्ही आदिवासी बांधवांच्या बरोबरीने विचारला पाहिजे. तो फक्त त्यांचा प्रश्न समजून आम्ही बाजूला राहिलो आहोत.

आमचे म्हणणे इंग्रजी नको असे मुळीच नाही. ज्यांची स्वतःची मुले इंग्रजीत शिकून परदेशी गेली, ते आम्हाला मातृभाषेचे गोडवे ऐकवतात, त्यांचा डाव आम्ही ओळखून आहोत. उच्च न्यायालयाची भाषा घटनेच्या ३४८ कलमाने इंग्रजी आहे. जिल्हा न्यायालयात मराठी चालते, पण नागपूर खंडपीठात आमचा वऱ्हाडी पक्षकार मागे उभा राहतो आणि त्याच्याच शेताचा, त्याच्याच जातीच्या दाखल्याचा निकाल त्याला न समजणाऱ्या भाषेत होतो. इंग्रजी सोडून चालणारच नाही. राज्याने २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आणला, ते आम्हाला मान्य होते. पण विषय आणला, शिक्षक तयार केला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीही आणण्याचा आदेश निघाला आणि गदारोळ झाल्यावर जूनच्या अखेरीस मागे घेतला गेला. लेकराच्या डोक्यावर किती भाषा ठेवायच्या याची मोजणी मंत्रालयात होते. त्याच्याजवळ बसणार कोण, हे तिथे कोणी मोजत नाही.

आणि दुसरी, तिसरी भाषा शिकणे आमच्या लोकांना जमत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने आमच्या आजीकडे पाहायला हवे होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला वऱ्हाडातून माणसे रेल्वेने, बैलगाडीने, पायी नागपूरला गेली. त्रिशरण-पंचशील पालीत झाले, बावीस प्रतिज्ञा मराठीत. आजीला अक्षर येत नव्हते. पण दर पौर्णिमेला विहारात, रोज संध्याकाळी घरात ऐकून ऐकून तिला पालीतली सगळी वंदना मुखोद्गत झाली. उच्चार वऱ्हाडी वळणाचा, पण शब्द एक चुकायचा नाही, आणि अर्थ विचारला तर मराठीत सांगायची. ना फी, ना टाय. शिकवणारी माणसे होती, रोजचा सराव होता आणि चुकले तर हसणारे कोणी नव्हते. बाबासाहेब स्वतः आयुष्याच्या अखेरीस पाली शब्दकोशाचे काम करीत बसले होते. तो कोश शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापला आहे. त्या मालेचे निळे खंड आमच्या घराघरांत आहेत आणि बहुतेक घरांत ते हार घालण्यापुरतेच खाली काढले जातात, कारण ते इंग्रजीत आहेत.

आमच्या भागातल्या एका विहारात गेल्या पावसाळ्यापासून संध्याकाळी सात ते साडेआठ एक वर्ग चालतो. निवृत्त झालेले एक मास्तर, दोन बी.एड. झालेल्या पण नोकरी न लागलेल्या मुली आणि रविवारी आम्ही. जिल्हा परिषदेची मुलेही येतात, कॉन्व्हेंटचीही येतात. आधी मराठी उतारा मोठ्याने वाचायचा, आपल्या वऱ्हाडीत त्याचा अर्थ सांगायचा, मग त्यातली पाच वाक्ये इंग्रजीत करायची, दुसऱ्या दिवशी तीच परत मराठीत आणायची. कॉन्व्हेंटच्या मुलांना पहिले दोन महिने मराठी वाचायलाच जड गेले, आता त्यांची इंग्रजीही सुधारते आहे. तर्खडकरांच्या जुन्या प्रती आम्ही रद्दीच्या दुकानांतून गोळा केल्या, तीन मिळाल्या, मुले छत्तीस आहेत. ज्यांच्या घरी पाठमाला धूळ खात पडली असेल त्यांनी ती आपल्या जवळच्या विहारात नेऊन द्यावी आणि शक्य झाल्यास त्या संध्याकाळी थोडा वेळ तिथे बसावे.